सोळा व्हॉल्वचं इंजिन

"इंजिन गेलं म्हणजे काय माणूस गेलं?" दुर्गाबाई कडाडल्या. "तोंडं कसली पाडून उभे आहात दोघं?"

दोघं म्हणजे त्यांचा मुलगा अजेय आणि म्हसळ्याचा मेकॅनिक भागोजी. भागोजीच्या गॅरेजात बाईंची लाल गाडी बॉनेट वासून उभी होती. भागोजीच्या हातात इंजिनातला एक वाकडा झालेला रॉड होता. त्याच्या शेजारच्या रॉडने तर इंजिनाच्या ब्लॉकला मूठ जाईल एवढं भोक पाडलं होतं.

"इंजिनानं पाणी वढलं ना, बाई," भागोजी म्हणाला. "आन् पाणी दाबलं जात न्हाय. तुमीच शिकवलंत आमाला आठवीत."

"शिकवलं होतं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. आत्ता बरं आठवलं!"

चौतीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवून दुर्गाबाई निवृत्त झाल्या, तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता सुपारीच्या वाडीला शिंपणं करतील, भजनाला बसतील. बाईंनी मुंबई गाठली आणि परत आल्या त्या ही जुनी स्पोर्ट्स कार स्वतः चालवत. दोनच सीटा, आणि गाडी पार जमिनीला टेकलेली. आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं बसायचं आणि उठताना हात टेकायचा. गाव हसलं. बाईंनी त्या हसण्याला भीक घातली नाही. चार वर्षं रोज सकाळी त्या गाडी काढायच्या, दिघीच्या जेटीवर जाऊन चहा प्यायच्या आणि येताना घाटातली वळणं अशी घ्यायच्या की एसटीचे ड्रायव्हर हात वर करून दाद द्यायचे.

आणि ती गाडी गेल्या अमावास्येला बुडाली. बुडाली म्हणजे अगदी खाडीत नाही. बाईंच्या गावाला जायचा रस्ता खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, बांधावरून जातो. तिवरांच्या झाडीतल्या वळणापुढे तो जरा खोलगट आहे आणि उधाणाच्या भरतीला तिथे पाणी चढतं. वळणाच्या अलीकडे महादेव बसलेला असतो. बांधाला पाणी सोडायची दारं आहेत, त्यांना उघाडी म्हणतात, ती बघायचं काम त्याचं. पुण्याहून आलेला अजेय त्या दुपारी बाईंच्या शेजारी बसला होता. "विचार रे त्याला, पाणी कसंय," बाई म्हणाल्या. अजेयने डोकं बाहेर काढलं. महादेव काहीतरी बोलला, इंजिनाच्या आवाजात बाईंना ते ऐकू आलं नाही. "सुकलंय म्हणतोय, चल," अजेय म्हणाला. बाई निघाल्या, वळल्या, आणि समोर गुडघाभर पाणी! ब्रेक लागेपर्यंत गाडीचं नाक पाण्यात होतं. धाडकन एक आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

तेव्हापासून अजेय फोनवर मामाला, मावशीला, जो भेटेल त्याला एकच सांगत होता, "आईने गाडी पाण्यात घातली." आणि आईला सांगत होता, "तुझं वय आहे का आता हे?" पुण्याला सातव्या मजल्यावर त्याने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. बाई काय समजायचं ते समजल्या. आज गाडी गेली की उद्या वाडीला कुलूप लागणार, परवा आपण त्या खोलीत खिडकीशी बसणार आणि संध्याकाळी कुणीतरी हात धरून बागेत फिरवून आणणार.

"भागोजी, दुसरं इंजिन बसवायचं," त्या म्हणाल्या. "काय काय मिळेल ते बोल."

मूळचं इंजिन आता बनतच नव्हतं. भागोजीच्या मते टेम्पोचं डिझेल इंजिन उत्तम. "म्हसळ्यापासून मुरूडपर्यंत कुटंबी पार्ट मिळंल. हातोड्यानं ठोकलं तरी चालू व्हतंय. मरत न्हाय, बाई."

"मरत नाही, पण जगतंय कुठे? आणि वजन? एवढं लोखंड नाकावर ठेवलंस तर वळणावर गाडी सरळ दरीत जाईल. वजन पुढे गेलं की वळायचं बळ कमी पडतं. तो धडा पण खिडकीबाहेरच गेला वाटतं?"

अजेयने घसा साफ केला. "लहान इंजिन बसवू ना. आठशे सीसीचं. बाजारात जा, देवळात जा, हळूहळू. तुला पुरे."

"मला काय पुरे ते तू कधीपासून ठरवायला लागलास?"

तिसरं नाव भागोजीने भीतभीतच घेतलं. पनवेलच्या पुढे एका भंगारवाल्याकडे मागून ठोकलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन पडलं होतं. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, म्हणून वजनाला हलकं. पण इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग नवीन करावी लागणार, वायरिंग सगळं बदलावं लागणार, महिनाभर त्याचं डोकं खाणार. शिवाय पेणच्या आरटीओची परवानगी.

"आन् पळंल बी लय," तो म्हणाला. "पयल्यापेक्षा ज्यास्त."

"मग हे इतका वेळ पोटात का ठेवलं होतंस, मेल्या?"

अजेय हात झटकून पुण्याला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आंब्याच्या रिकाम्या पेट्या फोडल्या. इंजिनाची जागा सुंभाने मापून घेतली होती. त्या मापाचा फळ्यांचा एक सांगाडा त्यांनी ठोकला. ज्या इंजिनावर हा सांगाडा बसेल ते गाडीत बसेल, साधा हिशोब! तो सांगाडा काखेत मारून त्या भागोजीबरोबर भंगारवाल्याकडे पोचल्या. "आजी, काय विकायला आणलंत?" तिथल्या माणसाने विचारलं. "तुझी अक्कल," बाई म्हणाल्या आणि सरळ आत घुसल्या. सांगाडा इंजिनावर ठेवला. एका बाजूला सुताएवढी जागा उरली, पण बसला! बाईंनी पाना लावून इंजिन हाताने फिरवायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. मग तेलात बोट बुडवून ते चोळून पाहिलं. आत पाणी गेलेलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं. हे काळंभोर होतं.

"हेच," त्या म्हणाल्या आणि पैसे मोजून ते गॅरेजात पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात महादेव दारात उभा राहिला. पाण्यात सुटून गेलेली गाडीची नंबर प्लेट त्याला तिवरांत सापडली होती, ती घासूनपुसून घेऊन आला होता.

"बाई, येक इचारू? रागावू नका," तो पायरीवर टेकत म्हणाला. "तुमी हितल्याच. मंग गाडी घातलीत कशी? मी दादांना चांगलं सांगितलं, सुकती लागली म्हनून."

सुकती लागली! म्हणजे भरती पुरी झाली, ओहोटीला आत्ता कुठे सुरुवात झाली. म्हणजे पाणी अजून सगळं तिथंच आहे, तास-दीड तास थांबा. या किनाऱ्यावर तीन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. आणि त्यांच्या अजेयने ते ऐकलं, सुकलंय!

बारावीपर्यंत या खाडीत डुंबलेला पोरगा. त्याला इथला शब्द कळेनासा झाला. बाईंना इंजिन फुटलं तेव्हा रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं. महादेवला त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "मीच घाई केली रे. कुणाला काही बोलू नकोस." अजेयलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी, न कळवता, एसटीने त्या गॅरेजात गेल्या. गाडीवर साखळीला एक इंजिन टांगलेलं होतं. एवढंसं, पिटुकलं.

"हे काय?"

भागोजी फडक्याला हात पुसत राहिला. "दादांचा फोन आल्ता. म्हनले, आईला सांगू नको, ह्येच बसव. तिला कळायचं न्हाय."

"मला कळायचं नाही?" गॅरेजातल्या पत्र्यांनाही कापरं भरावं असा तो आवाज होता. चौतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला. "आरसी बुक काढ. मालकाचं नाव वाच. मोठ्याने."

भागोजीने हातातलं फडकं टाकलं आणि शाळेत उभा राहायचा तसा उभा राहून बाईंचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं.

"आता हे खाली उतरव. आणि माझं इंजिन चढव."

तिथूनच त्यांनी अजेयला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच केलं गं." बाई म्हणाल्या, "माझं भलं मला विचारून करत जा," आणि फोन ठेवला.

भागोजीने मग जीव ओतून काम केलं, हे कबूल केलंच पाहिजे. माउंटिंग तीनदा कापली, तीनदा जोडली. बाई रोज स्टूल टाकून बसायच्या आणि चुकला की ओरडायच्या. पेणला खेपा घालून परवानगीही आणली. दीड महिन्याने इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं हातातला पाव तसाच धरून रस्त्यावर आली. काय तो आवाज! भागोजीचे डोळे भरून आले. "धूर गेला काय डोळ्यांत?" बाईंनी विचारलं. "व्हय, बाई," तो म्हणाला. धूर कुठेच नव्हता.

अजेय पुण्याहून आला तो लढायच्या तयारीनेच. गॅरेजातच त्याने सांगून टाकलं, "मला बसवून घरापर्यंत ने. मला धड वाटलं तर ठेव गाडी. नाहीतर विकायची आणि तू माझ्याबरोबर पुण्याला यायचं. मामाही हेच म्हणतोय."

"परीक्षा घेतोस? माझी?" बाई हसल्या. "बस. पट्टा लाव."

त्या दिवशी पौर्णिमा होती. बाईंना ते ठाऊक होतं. अजेयला नव्हतं.

घाटात बाईंनी गाडी जराही दामटली नाही आणि जराही दबकत नेली नाही. वळणाआधी गिअर खाली, वळणात हलका पाय, बाहेर पडताना मोकळा. इंजिन वर वर गात गेलं. अजेयने आधी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. चौथ्या वळणाला त्याने ते सोडलं. आठव्या वळणाला त्याच्या तोंडून "आयला!" निघालं आणि लगेच त्याने तोंड मिटून घेतलं. बाईंनी ऐकलं, पण दाखवलं नाही.

बांधावर पोचल्या तेव्हा एक वाजत आला होता. महादेव आपल्या जागेवर होता. बाईंनी गाडी थांबवली.

"विचार त्याला, पाणी कसंय."

अजेयने डोकं बाहेर काढलं. "काका, पाणी कसंय पुढे?"

"सुकती लागली," महादेव म्हणाला.

"सुकलंय," अजेय आत वळून म्हणाला. "चल."

बाईंनी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तिवरांतून पाण्याचा चुळुकचुळुक आवाज आला.

"उतर आणि वळणापुढे बघून ये."

तो गेला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"गुडघाभर आहे," तो म्हणाला.

"असणारच. सुकती लागली म्हणजे ओहोटी आत्ता सुरू झाली. सुकलं असं नाही म्हणाला तो. मागच्या वेळीही नव्हता म्हणाला."

अजेय बांधावर मटकन बसला. "म्हणजे तेव्हा मी..."

"हो. तू."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन महिने होत आले."

"आई! मी सगळ्या जगाला सांगत सुटलो तू घातलीस म्हणून. तुझं वय काढलं. तू ऐकून कसं घेतलंस? तू, आणि ऐकून घेतलंस?"

बाई गाडीतून उतरल्या. उतरताना त्यांनीही जमिनीला हात टेकला, आणि तो झटकत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी पाण्यात घातली म्हणू देत लोकांना. त्याची मला लाज वाटली नाही. माझ्या मुलाला खाडीचा शब्द कळला नाही, हे सांगायची वाटली. मला एकटीला पुण्याला नेतोस, तर तिथे ही खाडीची भाषा बोलणार कोण माझ्याशी? सांग ना!"

महादेवने विडी काढली होती, ती न पेटवताच परत खिशात ठेवली आणि तो उगाच उघाडीची दारं तपासायला गेला. मायलेक बांधावर शेजारी बसून राहिले. पाणी वीत वीत उतरत गेलं, मग तिवरांची मुळं दिसायला लागली.

तासाभराने अजेय आपणहून उठला. त्याने बूट काढले, पॅन्ट दुमडली, वळणापुढे गेला आणि खोलगट रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. चिखलाच्या पायांनी तो वळणावर उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आता सुकलंय, आई! मी स्वतः बघितलं!"

बाईंनी इंजिन सुरू केलं. सोळाच्या सोळा व्हॉल्व एका सुरात बोलले. वळणावर तो दार उघडायला हात पुढे करून उभा होता. बाई त्याच्या शेजारून निघून गेल्या, खोलगट भाग पार केला आणि पलीकडच्या चढावर जाऊन थांबल्या. मग मान बाहेर काढून मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

"चालत ये! तुझं वय आहे अजून."