गोदाबाईंना झोप लागली तो दिवस

मित्रांनो, मानपाड्याच्या उंबराखाली गंजत बसलेली ती उंच विलायती व्हॅन म्हणजे मीच. लढाईत रसद वाहून मी दमले आणि लढाई संपल्यावर कल्याणच्या एका भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडले. तो मला तोडणार होता. मी आपली ढगांकडे बघत स्वप्ने रंगवीत बसे.

एका सकाळी गवताचे व्यापारी परशुरामशेठ आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई मला पारखायला आले. दाखवायला काढलेल्या मुलीसारखी मी उभी राहिले.

"हिच्यान गवताचं भारं किती मावतील?" शेठांनी विचारले.

"भरपूर. पेट्रोल मात्र जरा जास्त पिते," भंगारवाला म्हणाला. शेठांचा चेहराच उतरला.

गोदाबाईंनी मात्र बैलगाडीतून बाज आणली होती. गेल्या वर्षी त्यांची लेक लक्ष्मी बाळंतपणाला दवाखान्यात निघाली आणि बैलगाडीच्या हिसक्यांनी वाटेतच गेली. तेव्हापासून गोदाबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"गवत बैलगारीन जाईल. आधी बाज बसते का बघू," त्या म्हणाल्या.

बाज बसली. दार लागले. उशाशी एक बाई बसेल एवढी जागाही उरली.

"आता चाल बघू. मी निजून बघतंय. राघो, हलू चालव रे!"

शेठांबरोबर आलेल्या राघो ड्रायव्हरने मला रस्त्यावर काढले. दोन्ही बाजूंना भातशेते डुलत होती. खड्डा दिसला की मी चाक अलगद टाकी. देवा, एवढे एकदा सांभाळून घे, असे मी मनात घोकत होते.

मानपाड्याला शेठांनी मागचे दार उघडले. "काय गो, जमल का?"

गोदाबाई गाढ झोपल्या होत्या, उशाखाली हात घेऊन, लहान मुलीसारख्या. शेठांचे डोळे भरून आले.

"पेट्रोल पिती तर पिऊ दे," ते राघोच्या कानात म्हणाले आणि कडीचाही आवाज न करता त्यांनी दार लोटले.

पुढे गावच्या कितीतरी लेकीसुना मी सुखरूप नेल्या-आणल्या. दोन बाळे तर माझ्यातच पहिल्यांदा रडली. किती कौतुक झाले माझे! मग नवी गाडी आली आणि मी उंबराखाली आले. आता माझ्यात कोंबड्या अंडी घालतात.

तुम्ही माझ्यात खेळायला येता, धाडधाड दारे आपटता. खेळा, बाळांनो, खुशाल खेळा. फक्त दार जरा हळू लावत जा. मला अजून वाटते, आत गोदाबाई निजल्या आहेत.