खोल गेलेली खाच

अपराध्याला शिक्षा करण्याचे काम समाज ठरलेल्या रीतीने पार पाडतो. त्यासाठी भिंती असतात, पहारे असतात, कायद्याची कलमे असतात. परंतु शिक्षा पुरी भोगून आलेल्या माणसाला आपल्या शेजारी बसायला जागा देणे, या कामाची रीत कोणी घालून दिलेली नाही. ते ज्याच्या त्याच्या अंतःकरणावर सोडलेले आहे. अशी एक जागा दिली गेलेली मी पाहिली, आणि ती हातची जाता जाता राहिली, हेही पाहिले.

मित्रांनो, मी एक जुना ईझल आहे. चित्र काढताना कागदाचा बोर्ड जिच्यावर उभा करतात, ती तीन पायांची लाकडी घोडी म्हणजे मी. माझा जन्म तुरुंगातल्या सुतारशाळेत झाला. हे सांगताना मला लाज वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही. लाकडाला जन्मस्थान निवडता येत नाही.

त्या सुतारशाळेच्या भिंतीवर एक मोठी फळी होती. करवत, रंधा, हातोडी, पटाशी, अशा प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर पांढऱ्या रंगाने रेखलेली होती. काम संपल्यावर प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत टांगले जाईपर्यंत दार उघडत नसे. एखादी आकृती रिकामी दिसली की पहारेकरी गरजे, "कोणी जागचं हलायचं नाही!" मग सारे जण दाराशी रांग धरून उभे राहत.

मला घडवणाऱ्या माणसाला तेथे सगळे 'मोजपट्टी' म्हणत. पाण्याचा पेलासुद्धा हा मापल्याशिवाय भरत नाही, अशी त्याची थट्टा होई. संतापाच्या भरात त्याने एका माणसाचा हात कायमचा निकामी केला होता. झालेली शिक्षा वाजवी आहे, असे तो स्वतःच म्हणे. अशा मोजूनमापून काम करणाऱ्या माणसाच्या हातून माझ्या आडव्या पट्टीवरची, खडू ठेवण्याची खाच मात्र खोल गेली.

सुतारकाम शिकवणारे मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे मोजपट्टी, ही खाच आहे का विहीर? खडू ठेवायचेत का बुडवायचेत?"

"चुकलं, मास्तर. ह्यावर कोणीतरी चित्र काढणार, ते कसलं असेल ह्याच विचारात होतो. पटाशी पुढे गेली."

"लाकूड कापताना चित्रं बघतोस होय?" मास्तरांनी खाचेत बोट घालून पाहिले. मला मोडीत काढावे की ठेवावे, याचा त्यांनी बराच विचार केला. "जाऊ दे. खडू खाली पडणार नाहीत, एवढं तरी पुण्य पदरात पडेल."

अशा रीतीने मी वाचलो आणि एका चित्रशाळेत दाखल झालो. तेथे माझी कामाची वर्षे गेली. कित्येक हातांनी माझ्यावर कोळशाने रेघा ओढल्या, रंग सांडले, कौतुकाच्या टाळ्या ऐकवल्या. पुढे माझा मागचा पाय सैल झाला. मला कोपऱ्यात सरकवले गेले, आणि रंगकामाचे ओले अंगरखे वाळत घालण्यापुरता माझा उपयोग उरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डुगडुगणाऱ्या वस्तूवर कोणी विसंबून का राहावे?

मग एके सकाळी प्राचार्य एका माणसाला घेऊन त्या मोकळ्या दालनात आले. केस पिकले होते, तरी मोजपट्टीची चाल मी ओळखली. तो दाराशी थांबला. दार उघडेच होते, पण कोणीतरी आत जा म्हणेपर्यंत त्याने पाऊल टाकले नाही.

"तुमची तुरुंगातली चित्रं मी पाहिलीत," प्राचार्य म्हणाले. "हात चांगला आहे. पण प्रवेश सध्या कच्चा. सत्राच्या शेवटी एक स्मरणचित्र काढायचं, ते पाहून पक्कं करू. आणि तोवर वर्गाला तुमचा काही त्रास व्हायला नको. तुमची हकिकत मी आणि वर्गाच्या बाई, दोघांनाच ठाऊक आहे."

"दुसरीकडे कुठे घेत नाहीत, सर. त्रास होणार नाही."

प्राचार्य गेल्यावर त्याने सारे ईझल पाहिले आणि माझ्यापाशी येऊन खाचेतून अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी त्याने माझा पाय घट्ट केला, आणि पुढे रोज माझ्यासमोरच उभा राहू लागला.

वर्गातली मुले त्याला काका म्हणत. चित्रे तो मन लावून काढी, पण भल्या मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात, तळहाताएवढी.

बाई म्हणाल्या, "अहो, एवढं अंगण मोकळं असताना तुमचं चित्र कोपऱ्यात अंग चोरून का बसलंय?"

"सवय, बाई. कागद पुरवून वापरायचा."

"इथे तो संपवायचा असतो. संपवा बघू."

तो मान डोलवी, आणि पुन्हा कोपऱ्यातच सुरुवात करी.

सत्र संपत आले तेव्हा ती गोष्ट घडली. पेन्सिलींना टोक काढायला वर्गात ब्लेड वापरत. वर्ग सुटला, मुले बोर्ड आवरू लागली, आणि शेजारच्या ईझलवरची मुलगी म्हणाली, "माझं ब्लेड कुठे गेलं? आत्ता तर इथे होतं."

ती सहज बोलली होती. परंतु मोजपट्टी धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला आणि ओरडला, "कोणी जागचं हलायचं नाही!"

सगळे थिजले. एका थट्टेखोर मुलाने हसून पाहिले, "काका, ब्लेडच आहे, हिरा नाही," पण मोजपट्टीचा चेहरा पाहून त्याचेही हसू विरले. मुलगी दोन पावले मागे सरली. ते सरणे मोजपट्टीने पाहिले, आणि त्याचे हात खाली आले.

ते ब्लेड माझ्यापाशी होते. मुलीने ते नकळत माझ्या पट्टीवर ठेवले होते आणि ते त्या खोल खाचेत घसरले होते. मला वाचा असती तर मी तेव्हाच सांगितले असते.

"माफ करा," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. मग, काही आठवल्यासारखा, माझ्यापाशी आला. खाचेत नख घालून त्याने ब्लेड अलगद वर काढले आणि मुलीच्या पेटीवर ठेवले.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारले.

"ही खाच माझ्याच हातून खोल गेली होती. तुरुंगात. हा ईझल मी केलाय." मग त्याने हत्यारांच्या फळीची रीत सांगितली. एका माणसाचा हात आपल्यामुळे गेला, हेही सांगितले. कोणी विचारले नव्हते, तरी सांगितले.

हा प्रकार कानावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी प्राचार्य वर्गात आले. मोजपट्टी भिंतीला पाठ लावून उभा होता.

"ह्यांची भीती वाटली का?" त्यांनी वर्गाला विचारले.

"वाटली, सर," ती मुलगी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण ब्लेड हरवलं माझं आणि शोधलं त्यांनी. तसंच राहिलं असतं तर आज कोणाचं तरी बोट कापलं असतं. मला ते वर्गात चालतील."

"आणि सर, बाकीचे ईझलही डुगडुगतात, ते काकाच नीट करतील," थट्टेखोर मुलगा म्हणाला.

"प्रवेश सुतारकामाला दिलेला नाही," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "स्मरणचित्र पाहू. विषय ज्याचा त्याने निवडायचा."

त्या दिवशी मोजपट्टी कोऱ्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. मग पहिली रेघ त्याने कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली. ती फळी होती. तिच्यावर एकेक हत्यार आपल्या आकृतीवर येऊन बसले. समोर बंद दार, दाराशी रांगेत उभी माणसे, कोणी कंटाळलेले, कोणी मान वळवून मागे पाहणारे. कागदाचा कोपरान् कोपरा भरला. फळीवरची एकच आकृती रिकामी राहिली.

"हे राहून गेलं का?" प्राचार्यांनी विचारले.

"नाही, सर. ती पटाशी. ती माझ्या हातात असायची. काम सोडवत नसे, म्हणून सगळे माझ्यासाठी खोळंबायचे. शिव्या खायचो."

"आता सोडवेल का?"

"आता तर मुळीच नाही, सर."

प्राचार्य चित्रासमोरून लवकर हलले नाहीत. जाताना म्हणाले, "उद्यापासून ह्यांचं नाव पक्क्या हजेरीत घ्या, बाई."

मित्रांनो, त्या वर्गात आजही प्रत्येक जण निघण्यापूर्वी मागे वळून आपले ब्लेड पेटीत ठेवले का ते पाहतो. त्यासाठी कोणाला ओरडावे लागत नाही. तुम्हीही आपली साधने जपा, आणि कोपऱ्यात सरकवलेल्या वस्तूचा पाय एकदा घट्ट करून पाहा.

मी आता फार वर्षे उभा राहीन असे नाही. म्हणून आताच म्हणतो: दारात थांबलेल्या त्या माणसाला कागद कधी अपुरा न पडो. भ्यालेली असूनही खरे बोललेल्या त्या मुलीचे कल्याण होवो. आणि ज्याचा हात गेला, ज्याला मी कधी पाहिले नाही, त्याच्या घरीही शांती नांदो.