आईची टिचबटणं

डॉक्टरबाई "शर्ट काढा, काका" म्हणाल्या, तशी लेक मदतीला उठली. बाबांनी डाव्या हाताने तिला खाली बसवलं आणि त्याच हाताने शर्टाची पट्टी गळ्यापासून खालपर्यंत सर्रकन ओढली. उजवा हात मांडीवर होता तसाच पडून राहिला.

"अरे वा! बटणं स्वतःची स्वतः काढता?"

"जन्मभर शिंपीकाम केलंय. बटणाला काय घाबरायचं!"

डॉक्टरबाईंनी अपंगत्वाच्या अर्जातल्या रकान्यात खूण केली. जेवण? स्वतः. अंघोळ? स्वतः. जिना? "पळत नाही, एवढंच." उत्तरागणिक टक्के घसरत होते. चाळीसच्या खाली गेले की भत्ता नाही. भत्ता नाही तर घरी मदतनीस नाही, आणि मग घराला कुलूप लावून बाबांना तिच्या शहरात जावं लागणार. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी आज न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीच्या शर्टात, फोटो काढायला निघाल्यासारखे आले होते.

आईला जाऊन चार महिने झाले होते. फोनवर ती नेहमी एवढंच म्हणायची, "त्यांचं ते सगळं करतात गं." आणि लेकीने ते खरं मानलं होतं.

तिने शर्ट घडी करायला घेतला आणि थबकली. वरची बटणं नुसती शोभेची होती. काजं शिवून बंद केलेली, पट्टीच्या आत ओळीने टिचबटणं. टाके आईचे. दुकानातल्या प्रत्येक शर्टाचं काज-बटण तिनेच तर केलं होतं.

शर्ट लेकीच्या हातातच राहिला. बाबांनी तो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"दे इकडे." त्यांनी पट्टी उलटून टेबलावर ठेवली. "डॉक्टरबाई, ती खूण खोडा. हे हिच्या आईचं काम. तीन वर्षांपूर्वी माझा हात गेला, त्याच आठवड्यात सगळे शर्ट बदलले तिने. वर बटणं दिसायला हवीत म्हणाली, लोक बघतात."

डॉक्टरबाईंनी आपला पांढरा कोट काढून पुढे ठेवला. "याचं एक लावून दाखवा."

बटण काजाच्या तोंडाशी येऊन निसटत राहिलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नाही जमत," बाबा म्हणाले. मग कोट जवळ ओढून, "आणि तुमचं हे तिसरं काज उसवलंय. शोभत नाही."

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी कोरा अर्ज घेतला. "आता पहिल्यापासून. काकू काय काय करायच्या?"

बाबा सांगत गेले. पाठ चोळणं. ओला टॉवेल पिळणं. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. तीन वर्षांचं घर ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"झालं?"

"एक राहिलं." त्यांनी चांगला हात, डावा, टेबलावर ठेवला. नखं वेडीवाकडी होती. "उजव्याची मी कापतो. याची ती कापायची. सध्या दातांनी कुरतडतो."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "याला रकाना नाही, काका."

"नसू दे," ती म्हणाली. "ते माझ्याकडे. दर रविवारी येईन."

बाबांनी हात मागे घेतला नाही.

"खोल कापू नकोस हं," ते म्हणाले. "तुझी आई रक्त काढायची."