खणखणीत आणि बद्द

चिनी मातीचे कप करणाऱ्या त्या कारखान्यात भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बाहेरच्या जगात जाण्यापूर्वी एका बाईच्या कानापुढून जात असे. सारे तिला पारखी म्हणत. डाव्या तळव्यावर कप तोलावा, उजव्या हातातल्या लाकडी दांडीने काठावर हलकेच टिचकी द्यावी आणि ऐकावे, एवढेच तिचे काम. निर्दोष कप खणखणीत वाजतो. अंगात केसाएवढी जरी चीर असली तरी तो बद्द वाजतो. डोळ्यांना न दिसणारे कानाला कळावे, हे तिला इतक्या वर्षांनंतरही नवलच वाटे. म्हणून दिवसाचा पहिला कप हाती घेताना ती क्षणभर डोळे मिटून घेई.

त्या हिवाळ्यात तिला सर्दीने गाठले आणि सर्दीमागून उजवा कान ठणकू लागला. घरात राहणाऱ्या तिच्या थोरल्या नणंदबाईंनी डॉक्टरांकडे चलण्याचा लकडा लावला. पारखीने तो त्याच दुखऱ्या कानामागे टाकला. मग एके सकाळी उशी ओली दिसली, आणि ठणका मात्र हाताने काढून ठेवावा तसा नाहीसा झाला होता.

वन्संनी उशी उजेडात धरली. "अगं, कान फुटलाय तुझा."

"फुटला म्हणजे निचरा झाला, वन्सं. दुखायचं थांबलं ना?"

"गळू फुटलं की बरं होतं. कान म्हणजे काय गळू आहे?"

पारखी हसली आणि डबा घेऊन कामावर गेली. दुखणे गेले ते खरे. पण त्याच्या जागी एक नाद येऊन राहिला होता. उंच, बारीक, अखंड. चांगला कप वाजला की त्याच्या आवाजाचे शेपूट काही काळ हवेत रेंगाळते, तसे. फक्त हे शेपूट संपतच नव्हते. ही गोष्ट तिने कोणाजवळही उच्चारली नाही. पारखीचा कान बिघडला हे मुकादमांच्या कानावर गेले, तर तिचे बाक दुसरीला मिळणार आणि तिची रवानगी माल बांधण्याच्या खोलीत, गवताच्या काड्यांत होणार. तेव्हा हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर एकदा गेली की डॉक्टरांकडे जायचे, असे तिने मनाशी ठरवले. ती ऑर्डर गेली. दुसरी आली.

दरम्यान एक अपूर्व गोष्ट घडू लागली होती. सगळेच कप खणखणीत वाजत होते. टिचकी पडली की कपाचा आवाज जिथे उणा पडावा, तिथे कानातला नाद येऊन ती पोकळी भरून काढी. कप डाव्या कानाशी नेऊनही तो नाद डोक्यातून हटत नसे. बाद मालाची टोपली रिकामीच राहू लागली. पारखीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने त्या पालीकडे कानाडोळा केला.

भट्टीवाल्या काकांना मात्र शंकेचा स्पर्शही झाला नाही. आपला हात आता अग्नीवर बसला, अशी त्यांची खात्री झाली. ती रिकामी टोपली त्यांनी मुकादमांना दाखवली, कपांना झिलई देणाऱ्या बायकांना दाखवली, आणि कारखान्यात कोणी पाहुणा आला की त्यालाही दाखवली. म्हातारपणी माणसाच्या चेहऱ्यावर असे तेज क्वचित येते. ते पाहून पारखी टोपली बाकाखाली सरकवी.

एका दुपारी तिनेच पारखून ठेवलेल्या चळतीतला कप काकांनी चहासाठी घेतला. चहा ओतताच कप वरपासून खालपर्यंत उकलला आणि काकांचा हात पोळला. त्यांनी हात पाण्याखाली धरला, मग तुकडे उचलून खिडकीशी नेले. तुटलेल्या कडेवर झिलई ओघळून चकाकत होती; म्हणजे चीर आजची नव्हती, भाजण्यापूर्वीच पडलेली होती. बाकावरचे दोन कप उजेडात निरखून त्यांनी निवडले आणि पारखीला पाठ फिरवायला सांगितली. एक वाजवला, मग दुसरा.

"यातला बद्द कुठला?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. "दोन्ही चांगले आहेत, काका."

"दोन्ही बद्द आहेत, पोरी."

काका स्टुलावर बसले. आपली भट्टी नव्हे, हिचा कान बदलला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेले. पारखीने मग सारे सांगितले: ओली उशी, अखंड नाद, बाक जाण्याचे भय. ही ऑर्डर संपली की नक्की जाते, असेही म्हणाली.

"ओल्या कपाला चीर गेली तर मी मातीचं पाणी लावून बोटाने बुजवतो," काका म्हणाले. "भाजून निघाला की माझ्या हातात काय राहतं? तू आजच जा. मुकादमांना मी सांगतो. आधी माझी फजिती सांगतो, मग तुझी. मला हसता हसता तुझ्यावर रागवायचं राहून जाईल त्यांचं."

संध्याकाळी वन्सं तिला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून कानात पाहिले. आत जंतूंचा प्रादुर्भाव होता आणि पडद्याला लहानसे छिद्र पडले होते. ठणका थांबला तो आतला दाब बाहेर पडल्यामुळे. आजार बाहेर पडला नव्हता.

"कान वाहू लागला, ऐकू कमी आलं, किंवा आत आवाज सुरू झाला, यातलं एक जरी झालं तरी यायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नसतं. आणि चक्कर आली, तोंड वाकडं झालं, तर त्याच घटकेला."

"पहिली तिन्ही झाली," वन्सं म्हणाल्या, "पण आमच्या बाई ऑर्डर संपायची वाट बघत होत्या."

नाद जाईल का, असे पारखीने विचारले. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला नाही. आजार हटला की बहुधा छिद्र भरते आणि आवाजही ओसरतो, कधी थोडा मागे राहतो. पण करण्यासारखे अजून पुष्कळ आहे, असे त्या म्हणाल्या. कान साफ करून त्यांनी औषध दिले, तेल आणि काडी वर्ज्य केली, आणि बरे वाटले तरी तपासणी चुकवू नये, अशी ताकीद दिली.

पारखीने आधी पसंत केलेला, अजून गोदामात पडून असलेला सगळा माल मुकादमांनी पुन्हा वाजवून घेतला. बाकावर दुसरी बाई बसली. पारखी गवताच्या काड्यांत कप गुंडाळू लागली. त्या खोलीत तिने मान वर करून क्वचितच पाहिले. पण एके दिवशी गवत चुरचुरते आहे हे तिच्या ध्यानात आले, तेही उजव्या बाजूला. ती हात थांबवून तो क्षुद्र आवाज एखाद्या स्तोत्रासारखा ऐकत राहिली.

पुढच्या तपासणीत छिद्र भरलेले दिसले आणि श्रवणही ठीक निघाले. घरात सामसूम असली की एक बारीक सूर अजून जाणवे. राहिला तर राहू दे, असे तिने ठरवले.

मुकादमांनी तिची परीक्षा घेतली. चांगल्या कपांत त्यांनी टिचलेले कप मिसळले होते. तिने ते एकेक करून बाजूला काढले. एकदा ती घोटाळली, कप पुन्हा वाजवायला मागितला, आणि मग तोही अचूक सांगितला. मुकादमांनी मानेनेच बाकाकडे खूण केली.

दुपारपर्यंत बाद मालाची टोपली शिगोशीग भरली. काका आले, टोपली पाहून त्यांचे तोंड उतरले.

"एवढे?"

"सगळे भट्टीतल्या मागच्या फळीवरचे आहेत, काका. आणि चीर एकाच बाजूला."

"मुकादमांना सांगितलंस?"

"आधी तुम्हाला."

काकांनी त्यातला एक कप उचलला, खिडकीशी धरून पाहिला, पुटपुटत परत ठेवला आणि भट्टीकडे निघाले. थोड्या वेळाने पारखीने पाहिले, तेव्हा ते भट्टीच्या मागच्या दाराशी उकिडवे बसून चौकटीच्या कडेने तळहात फिरवत होते, गार वारा नेमका कुठून आत शिरतो आहे ते शोधत.