काकाला चालत नाही म्हणे

मी काका. पोतोसीच्या उंच डोंगराच्या पोटात, कथिलाच्या खाणीत बसलेला, शिंगं असलेला मातीचा काका. इथल्या माणसांसमोर तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

मला खाणकऱ्यांनीच घडवलं. डोंगरातली चिकणमाती, डोळ्यांना काचेच्या गोट्या, आणि सिगारेट धरता यावी म्हणून उघडं तोंड. बाहेर चर्चमध्ये देव, आत माझा अंमल. दर शुक्रवारी गडी माझ्या पायाशी कोकाची पानं चघळत बसायचे आणि दारूचा पहिला घोट मला पाजायचे. "काका, सांभाळ रे बाबा!" मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

माझ्या नावावर एक नियमही होता. काकाला आत बाई चालत नाही. ती आली की कथिलाची शीर डोंगरात गडप होते. हा नियम मी केला नव्हता. पण आयता मान मिळत होता, तो कोण सोडतो?

बासिलिया खाणीच्या तोंडाशी दगड फोडायची. तिचा नवरा नाझारिओ आत सुरुंग लावायचा. एका शुक्रवारी छत कोसळलं आणि तो पलीकडे अडकला. हातोडीने ठोकत होता, म्हणजे जिवंत होता. इतक्या उंचावर बाहेरसुद्धा हवा विरळ, तिथे आत किती उरणार? दगडांत एक अरुंद फट होती, पण एकाही गड्याचे खांदे तिच्यात मावेनात.

बासिलिया धावत माझ्यापर्यंत आली. अंगाने नुसती काडी. "हवेची नळी द्या इकडे, मी शिरते!"

मुकादम सेवेरो आडवा आला. "वहिनी, वेड लागलं का? काका खवळला तर उरलेलं छतही आमच्या डोक्यात घालेल!"

"खवळू दे मेल्याला! तिकडे माणूस गुदमरतोय!"

दोघांनी तिला धरून बाहेर नेलं. फट रुंद करायला चार तास लागले. ठोकणं त्याच्या कितीतरी आधी थांबलं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

आठव्या दिवशी ती आत आली. या वेळी कुणी अडवलं नाही. सेवेरो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता घण बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. पण तिने सिगारेट पेटवून माझ्या तोंडात ठेवली.

"काका, खरं सांग. बाई चालत नाही, असं तू कधी म्हणाला होतास?"

सिगारेट संपेपर्यंत ती उत्तराची वाट बघत होती. मग गेली.

गड्यांना एवढं सांगा, पुढच्या शुक्रवारी मला दारू पाजू नका. घशाखाली उतरणार नाही. बाई आत येऊन गेली, तरी कथिलाची शीर समोरच्या भिंतीत जागच्या जागी आहे. मला ती रोज दिसते.