दोरा ओवेपर्यंत

“हा विराम निम्मा करू या का?” तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकांनी हात थांबवून विचारलं. “लोकांना वाटेल, आम्हीच चुकलो.”

“वाटू दे,” ठकी म्हणाली.

ही रचना ठकीची. कार्यक्रमपत्रिकेत तिचं चांगलं भारदस्त नाव छापलं होतं, पण आई ठकीच म्हणायची. संगीत विद्यालयात याच विरामावर गुरूंनी लाल रेघ मारली होती. इथं काहीच घडत नाही म्हणे! पुढं शिकवण्या करत, जाहिरातींना चाली लावत तिचे केस पिकले आणि रचना कपाटात पडून राहिली. आता कुठं ती कुणी वाजवायला घेतली, तर आईचे कान जवळजवळ गेलेले. आईनं एकदा, फक्त एकदा ती ऐकावी, एवढ्यासाठी ठकीचा जीव तळमळत होता.

आईनं जन्मभर पायमशीनवर लोकांचे कपडे शिवले. नजर आधीपासून अधू. दोरा तुटला की मशीन थांबायचं आणि सुईत दोरा ओवायचं काम ठकीचं. तेवढा वेळ घर चिडीचूप. लेकीचा धंदा मात्र आईला कधी उमगला नाही. गात नाहीस, वाजवत नाहीस, मग करतेस तरी काय, असं ती विचारायची आणि ठकी हसून वेळ मारून न्यायची.

कार्यक्रमाला दोघी पहिल्या रांगेत बसल्या. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून आईनं ते घरीच ठेवलेलं. व्हायोलिनं सुरू झाली. आईचा चेहरा कोराच. ठकीला भरून आलं. उशीर झाला, फार उशीर झाला.

मग नगारे आणि मोठी तंतुवाद्यं घुमू लागली. लाकडी जमीन थरथरली. आईनं खाली पाहिलं, चपला काढल्या आणि तिचे पाय हलायला लागले. टाच, चवडा, टाच, चवडा.

एकाएकी सगळं थांबलं. विराम आला. आईचे पायही थांबले.

“ओवला का गं, ठके?” बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात आईनं विचारलं.

माना वळल्या. मागं कुणीतरी खुदकन हसलं. विरामाच्या ठरलेल्या मात्रा केव्हाच संपल्या होत्या, पण संचालक हात वर धरून पाठमोरे तसेच उभे होते.

“ओवला, आई,” ठकी म्हणाली आणि तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आईनं मान डोलावली. पाय पुन्हा नीट मांडले. संचालकांचा हात खाली आला.