रुमाल बांधलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे आणि माझी घंटी ऐकून आजवर दोनशेहून जास्त माणसं रडली आहेत. मी कुणाच्या अंगावर गेलेले नाही. माझे ब्रेक तेव्हा उत्तम होते. पण माझा मालक महिपत हा तारवाला होता, आणि आमच्या भागात तार एकाच कामासाठी यायची.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. कोल्हापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे ट्रकमधून आंबा घाट उतरून मी रत्नागिरीत आले. सोबतच्या बहिणींपैकी एक दूधवाल्याकडे गेली, एक शाळामास्तरांकडे, एक लग्नात आंदण म्हणून गेली. मला वाटलं, माझंही असंच काहीतरी बरं होईल. मला खाडीकाठच्या एका लहानशा तार ऑफिसात नेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला. तो पैसे मनीऑर्डरने पाठवायचा, खुशाली पत्राने कळवायचा. तार मात्र तो स्वतः पाठवायचा नाही. तार त्याच्याबद्दल दुसरा कुणीतरी पाठवायचा. त्यामुळे वाडीच्या तोंडाशी माझी घंटी वाजली की बायका हातातलं भांडं खाली ठेवायच्या आणि रडायला लागायच्या. कुणाच्या घरची तार आहे हे नंतर बघायचं. एकदा तारेत 'मुलगा झाला' असं होतं. ते वाचून होईपर्यंत दोन म्हाताऱ्या बेशुद्ध पडल्या होत्या आणि एक शेजारी लाकडं गोळा करायला गेला होता.

महिपतच्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष. एके दिवशी तारमास्तरांनी त्याच्या हातात तार दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तारेवर नाव होतं जाईबाईंचं. जाईबाई म्हणजे महिपतची आई. महिपतचे वडील मुंबईला गिरणीत होते. तार बंद होती, पण ती उघडायची गरज कुणाला होती?

तो मला घेऊन घरी गेला. नियम असा, की दारात दोनदा घंटी वाजवायची. महिपतने नियम पाळला. जाईबाई हसत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आल्या.

"आज लवकर सुटलास रं?" त्या म्हणाल्या. मग त्यांना त्याच्या हातातला कागद दिसला.

त्या दिवसापासून घराअलीकडच्या फणसापाशी आलं की महिपत खाली उतरायचा, खिशातला रुमाल काढायचा आणि माझ्या घंटीला घट्ट बांधायचा. खड्ड्यात आपटूनसुद्धा ती वाजू नये म्हणून. त्या घरी मी सात वर्षं मुकी गेले.

एकदा मला तेल देता देता तो लवूला म्हणाला, "एकदा तरी ही घंटी आमच्या खळ्यात बऱ्या कामाला वाजली पायजे." लवू म्हणजे त्याच्याच ऑफिसातला दुसरा तारवाला. फार भित्रा, पण मनाने चांगला.

"मग लगीन कर," लवू म्हणाला.

"तुज्या लग्नाची तार मीच नेली व्हती. तुजी सासू तीन दिस उठली नाय."



मित्रांनो, आता महिपतचं काम कसं चालायचं ते सांगते. आधी माझ्यावरून चढ-उतार दहा-बारा मैल. मग खाडी. तर चुकली, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी निघून गेली, की मला आंब्याला टेकवायचं, तार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर बांधायची आणि पोहत पलीकडे जायचं. पलीकडे उतरून ओल्या चड्डीत वाडीपर्यंत धावायचं. कारण मेलेला माणूस थांबतो, पण त्याच्या माणसांची मुंबईची एस.टी. चुकते.

हे एका जपानी साहेबाने पाहिलं. ओकुदासाहेब नाव. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात जाळी विणायचं यंत्र बसवायला तो आला होता. त्याला रोज जपानहून तार यायची. त्यात यंत्राचे आकडे असायचे, म्हणून तार घेताना तो रडत नसे. महिपतला तो माणूस फार आवडायचा. एका रविवारी खाडीवर गळ टाकून बसलेला असताना त्याने महिपतला सायकलवरून येताना, पोहताना आणि धावताना पाहिलं. त्याने गळ खाली ठेवला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्या गावाला याची शर्यत असते. ट्रायथलॉन म्हणतात.

"शेवटाला कोण मेलेला असतो?" महिपतने विचारलं.

"कोणी नाही."

"मग धावतात कशाला?"

साहेबाने गळ उचलून पुन्हा पाण्यात टाकला. पण जपानला परत गेल्यावर त्याने कंपनीकडून तिकीट पाठवलं. महिपतचं आणि माझंही.

जाईबाईंनी ऐकलं आणि तांदूळ निवडायचं थांबवलं. महिपत म्हणाला, "आये, सायकल विमानातून जाणार."

"घंटी घेऊन?"

"घंटीशिवाय सायकल कशी जाईल?"

"मग आभाळातून कुणाकुणाला रडवीत जाणार देव जाणे," त्या म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या.

माझ्यासाठी रामजी सुताराने पेटी केली. रामजीने जन्मभर आंब्याच्या पेट्या केलेल्या. एवढी लांब पेटी त्याने पहिल्यांदाच केली, आणि ती खळ्यात आणून ठेवली तेव्हा आजूबाजूचे लोक जरा मागे सरकले. जाईबाईंनी ती वितींनी मोजली. साडेसात विती.

"ही माणसाच्या मापाची हाय, रामजी."

"सायकलच्याच मापाची हाय, आये."

"माजो म्हयपत बी साडेसात विती हाय."

यावर रामजीने खिळे मोजायला सुरुवात केली.

त्याने पेटीत भाताचा पेंढा दाबून भरला. महिपत म्हणाला, पेंढा कशाला? रामजी म्हणाला, "पेंढ्याबिगर आजवर आमची एक बी पेटी घाटावर चढली नाय, आनि ही तर विमानात चढतेय." मग हाताच्या सवयीने त्याने पेटीवर रंगाने लिहून टाकलं, 'हापूस ४ डझन'.

निघायच्या दिवशी पेटी देवळात नेऊन ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. नारळ पुढे ठेवून गुरव म्हणत होता, "हा जो तुझा लेकरू दर्यापार चाललाय, त्याला पाण्यात, रस्त्यात, वाऱ्यात सांभाळून परत घरी आण रे महाराजा!" आणि सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" नेमकं तेव्हाच, कुणी हात न लावता, पेटीच्या आतून माझी घंटी वाजली. पेंढा खाली बसला असेल. पण सगळ्यांची पुढची "व्हय महाराजा" निम्म्याच आवाजात आली.

तो नारळ जाईबाईंनी माझ्या शेजारी, पेंढ्यात ठेवला. मग महिपतचा हात धरला.

"कायपण झालां तरी तार करू नको. तुजी तार आली तर मी ती बघायची नाय. मी मरेन."

"नाय करत, आये."

मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली आणि चार डझन हापूस कुठे आहेत म्हणून अर्धा तास विचारलं. जपानात वेगळंच घडलं. पांढरे हातमोजे घातलेल्या एका गंभीर माणसाने पेटीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे घेतली. भाताचा पेंढा त्या देशात आणता येत नाही. त्यातून किडे येतात आणि त्यांची शेतं खातात. माझ्या टायरमधली लाल माती तर त्याहून वाईट. त्याने माझ्या अंगावरून पेंढ्याची काडी न् काडी वेचली, माझे टायर औषधाच्या पाण्याने धुतले आणि शेवटी नारळ उचलला.

"तो नको," महिपत म्हणाला. "त्यात आमचा गाऱ्हाणां हाय."

त्या माणसाने छापील फॉर्म पाहिला. फॉर्ममध्ये गाऱ्हाण्याचा रकाना नव्हता. पेंढा, माती आणि देवाचा नारळ एकाच पिशवीत घालून भट्टीत पाठवले. भट्टीच्या दिशेने महिपत बराच वेळ बघत उभा होता. मग त्याने माझ्या घंटीला रुमाल बांधला. घर तिथून हजारो मैलांवर होतं, तरी बांधला.

शर्यतीच्या सकाळी आभाळ काळं झालं. समुद्राचा रंग शिशासारखा. वादळ दूर आहे, पण येतंय, असं ओकुदासाहेबाने सांगितलं. तीनशे लोक रंगीत कपड्यांत किनाऱ्यावर उभे होते, आणि त्यांच्यात एक खाकी चड्डी. महिपतने तारेचा एक कोरा फॉर्म पिशवीत घालून डोक्यावर बांधला. डोक्यावर काही नसलं की त्याला पोहता येत नसे, तो गोल गोल फिरायचा.

तो पाण्यात शिरला. मी कठड्याला टेकून वाट बघत होते. लाटा वाढत होत्या. माझ्या शेजारच्या सायकली एकेक करून गेल्या. मग दोघांना होडीतून बाहेर आणलं, ब्लँकेटात गुंडाळून. त्यांच्यात खाकी चड्डी नव्हती. मी खाडीकाठी त्याची खूप वाट पाहिलेली आहे, मित्रांनो, पण तिथे पलीकडचा काठ दिसतो.

शेवटी पाण्यावर एक पांढरी पिशवी दिसली. तिच्याखाली महिपत होता.

तो माझ्यावर बसला आणि पहिल्याच वळणावर वाऱ्याने रुमाल उडवून नेला. माझी घंटी उघडी पडली. रस्ता दगडी, मी खडखडत होते, आणि दर खड्ड्याला घंटी वाजत होती. पुढे एका गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या बायका छत्र्या घेऊन उभ्या होत्या. महिपतने मान खाली घातली. आता रडणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

त्या टाळ्या वाजवायला लागल्या.

महिपतने चुकून झालं असेल म्हणून पुन्हा घंटी वाजवली. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी तर नाचली. माझ्या हँडलवर पाणी पडलं, ते पावसाचं की त्याचं हे मला सांगता येणार नाही. थोडं पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ह्यांना ठाव नाय म्हणून हसतायत गो."

मला कठड्याला टेकवून महिपत उरलेलं धावला आणि शेवटून दुसरा आला. जो शेवटचा आला तो वाटेत जेवायला थांबला होता. शेवटच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसापुढे महिपतने सवयीने डोक्यावरचा फॉर्म काढून धरला. त्या माणसाने वाकून त्यावर सही केली.

आणि संध्याकाळी महिपतने चूक केली. ओकुदासाहेब म्हणाला, वादळाची बातमी जगभर रेडिओवर गेली आहे, माणसं बुडाल्याचंही सांगितलंय. महिपतला डोळ्यांपुढे आपल्या शेजाऱ्यांचा रेडिओ दिसला, त्यापुढे बसलेली आई दिसली. सात वर्षं तारा वाटणाऱ्या त्या माणसाने आईला तार केली. 'सुखरूप. शर्यत पुरी केली. पंधरा दिवसांत येतो.' त्याला वाटलं, लवू नेऊन देईल आणि लांबूनच ओरडेल, बरी तार हाय, बरी तार हाय!

आम्ही परत आलो तेव्हा पेटी मुंबईतच टाकून दिली होती. एस.टी.च्या टपावरून मी आले. महिपत आधी ऑफिसात गेला. त्याला बघून लवू खुर्चीवरून उठला आणि परत बसला. मग त्याने खणातून तार काढली. ती बंद होती.

"दिली नाय?" महिपतने विचारलं.

"तीनदा गेलो. फणसापर्यंत. आत काय लिवलंय कुणास ठाव, माजा पायच पुढे जाय ना. तिसऱ्या येळी तुज्या आयनं मला बघितलान. मी मागं वळलो."

"म्हणजे तिनं तुला तार घेऊन परत जाताना बघितलान?"

"व्हय."

"आनि मग?"

"दहा दिस झाले, तिच्या चुलीतून धूर येत नाय. सावित्रीकाकू पेज नेऊन देते. ती तेवडी घेते." लवूने तार पुढे सरकवली. "तुजी तू ने."

महिपतने वहीत सही केली. तार घेतली. फणसापाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा त्याचा हात सवयीने खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. रुमाल जपानात उडाला होता.  मग तो माझ्यावर बसून सरळ खळ्यात आला आणि दोनदा घंटी वाजवली.

आतून असा हंबरडा आला, की माझ्या चाकाच्या तारा थरथरल्या. शेजारच्या घरांनीही लगेच सुरुवात केली. जाईबाई दारात आल्या. तोंडावर पदर, डोळे घट्ट मिटलेले.

"आये, तार," महिपत म्हणाला.

"कुणाची?"

"म्हयपतची."

"त्याला काय झालां?"

"सुखरूप हाय म्हणतो. शर्यत पुरी केलीन. पंधरा दिसांत येतो."

पदराआडचा हुंदका थांबला. "नीट वाच."

त्याने पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. तेव्हा कुठे त्यांनी एक डोळा उघडला, आधी तारेकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"आंगठा कुठं लावू?"

"आये, मी आलोय ना..."

"आंगठा कुठं लावू ता सांग. तार घेतली की आंगठा लावायचा असतो."

त्याने शाई पुढे केली. त्यांनी आंगठा लावला, तो पदराला पुसला आणि खाली ओट्यावर बसल्या.  मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाजव."

महिपतने वाजवली. शेजारच्या चार घरांत रडणं आणखी वाढलं. त्यांना कळवायला कुणालातरी जावं लागलं.

मित्रांनो, पुढे वाडीत फोन आला आणि तारा कमी झाल्या. जाईबाई गेल्या, तेव्हा तार करावी लागली नाही. महिपत त्यांच्या उशाशीच होता. आता मी पडवीत उलटी टांगलेली असते. चेन गंजली आहे, सीटमध्ये उंदरांनी घर केलं आहे, आणि त्यांतला एखादा घंटीवरून पळाला की आजही पलीकडच्या घरातली म्हातारी चुलीवरचं भांडं खाली उतरवते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. घरात जुनी सायकल असेल तर तिला तेल द्या, आणि बऱ्या बातमीलाही तिची घंटी वाजवत चला, म्हणजे ती ऐकायची लोकांना सवय होईल. आणि दारात कुणी कागद घेऊन आला, तर आधी तो वाचून घ्या. रडायला कधीच उशीर होत नाही.